जुन्या सुट्या भागांतून घरासाठी छोटा संगणक कसा जुळवावा

घरात एखादा बंद पडलेला डेस्कटॉप, जुन्या लॅपटॉपमधून काढून ठेवलेली एसएसडी (माहिती साठवणारी, चिपची वेगवान डिस्क), कोणाकडून तरी आलेला मॉनिटर आणि खणभर केबली असा ऐवज जमलेला असला, म्हणजे त्यातून मुलांचा अभ्यास, बँकेची कामे, पत्रव्यवहार आणि व्हिडिओ पाहणे एवढ्याला पुरेल असा आटोपशीर संगणक उभा करता येईल का, हा विचार मनात येतोच. तो उभा करता येतो, आणि मॉनिटर, कीबोर्ड व माउस हाताशी असतील तर साधारण आठ-दहा हजार रुपयांच्या आत बसतो. मात्र त्यासाठी खरेदीचा क्रम नेमका लावावा लागतो. बहुतेक जण आधी एखादा सुबक, लहानसा कॅबिनेट पसंत करतात आणि मग त्यात मावणारा मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडले जातात तो मुख्य बोर्ड) शोधत फिरतात. खर्च हाताबाहेर जातो तो इथेच. बोर्ड सर्वांत आधी ठरवावा, त्याला जुळणारे प्रोसेसर आणि रॅम नंतर, आणि कॅबिनेट अगदी शेवटी, सगळे जुळून उघड्यावर चालल्यानंतर घ्यावा. वीजपुरवठा आणि खेळती हवा या दोन बाबींत काटकसर करू नये. बाकी बहुतेक ठिकाणी जुने चालते.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले, साधारण एक लिटर आकारमानाचे तयार मिनी संगणक जुन्या बाजारात मोठ्या संख्येने येतात. घरात कामाचा एकही भाग नसेल, तर सगळे सुटे विकत घेऊन जुळवण्यापेक्षा असा एक संगणक घेणे स्वस्तही पडते आणि सोयीचेही. पुढचे सगळे विवेचन ज्यांच्याकडे निदान रॅम, प्रोसेसर, डिस्क यांपैकी दोन भाग तरी पडून आहेत, अशांसाठी आहे.

बोर्ड कोणता घ्यावा

छोट्या संगणकाचा बोर्ड म्हटला की मिनी-आयटीएक्सचे नाव पुढे येते. १७० मिमी बाय १७० मिमी आकाराचा हा प्रकार तैवानच्या व्हीआयए कंपनीने २००१ मध्ये आणला. तो देखणा आणि आटोपशीर असतो, पण आपल्याकडे जुन्या बाजारात क्वचित मिळतो आणि मिळाला तर दुकानदाराला त्याची दुर्मीळता पुरेपूर ठाऊक असते. मायक्रो-एटीएक्सची कमाल मर्यादा २४४ मिमी बाय २४४ मिमी असली, तरी दोनच रॅमचे खाचे असलेले या वर्गातले साधे बोर्ड त्याहून बरेच अरुंद असतात आणि आयटीएक्सपेक्षा फारसे मोठे नसतात. कमी खर्चात छोटा संगणक हवा असेल, तर हाच अरुंद मायक्रो-एटीएक्स बोर्ड घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

उदाहरणादाखल इंटेलच्या चौथ्या पिढीचा, एच८१ चिपसेटचा (बोर्डावरचे भाग एकमेकांशी जोडणाऱ्या मुख्य चिपचा) बोर्ड घेऊ. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत तो जुना तर मिळतोच, पण कमी नावाच्या कंपन्यांनी बनवलेला नवाही मिळतो. त्याच्याआधीचा एच६१ आणखी स्वस्त पडतो, परंतु त्याच्या चिपसेटमध्ये यूएसबी ३.० नाही आणि साटाचा (डिस्क जोडण्याच्या पोर्टचा) वेगही सेकंदाला ३ गिगाबिटवर थांबतो. एच८१ मध्ये दोन साटा पोर्ट ६ गिगाबिटचे असतात, दोन यूएसबी ३.० मिळतात आणि १६ जीबीपर्यंत रॅम बसते. घरगुती कामाला एवढे पुष्कळ झाले. डीडीआर४ रॅमच्या दोन काठ्या घरात पडून असतील तर सहाव्या पिढीचा एच११० घेणे अधिक शहाणपणाचे. नसतील, तर जुन्या डीडीआर३ रॅमचा स्वस्तपणा एच८१ च्याच पारड्यात पडतो.

प्रोसेसर आणि सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवण्याची जागा) जुळतात की नाही, हे दुकानदाराच्या शब्दावर सोडू नये. चौथ्या पिढीला एलजीए ११५० सॉकेट लागते, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीला एलजीए ११५५. दोन्ही दिसायला सारखी, पण एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. एलजीए ११५१ मध्ये याहून मोठी गोम आहे. सहाव्या-सातव्या पिढीचे प्रोसेसर १०० आणि २०० मालिकेच्या चिपसेटवर चालतात, आठव्या-नवव्या पिढीचे ३०० मालिकेच्या. सॉकेटचे नाव तेच असले तरी ही अदलाबदल चालत नाही. सुरुवातीच्या एच८१ बोर्डांवर आय५-४५९० सारखा नंतर आलेला प्रोसेसर बसवायचा झाल्यास बायोस (बोर्डातलाच, संगणक सुरू करणारा प्रोग्रॅम) अद्ययावत केलेले असावे लागते, हेही विचारून घ्यावे.

नामवंत कंपन्यांच्या जुन्या कार्यालयीन डेस्कटॉपमधून काढलेले बोर्ड फार स्वस्तात दिसतात. त्यांपैकी कित्येकांत वीजजोडणीला नेहमीच्या २४ पिनांऐवजी ६, ८ किंवा १४ पिना असतात, स्क्रूची भोके भलत्याच जागी असतात आणि पुढच्या बटणाची जोडणी त्या कंपनीपुरतीच चालणारी असते. असा बोर्ड त्याच्या मूळ कॅबिनेट आणि एसएमपीएससह (वीजपुरवठ्याच्या डब्यासह) मिळत असेल तरच घ्यावा.

बाजारात काय तपासावे

एलजीए बोर्डात नाजूक पिना प्रोसेसरला नसून सॉकेटमध्ये असतात. बोर्ड हातात घेऊन मोबाइलचा टॉर्च तिरका धरावा आणि सॉकेटकडे चारही बाजूंनी पाहावे. सगळ्या पिना एकाच दिशेने एकसारख्या चमकल्या पाहिजेत. एखाद्या ठिकाणी चमक तुटली किंवा पिन आडवी दिसली, तर तो बोर्ड किमतीकडे न पाहता परत द्यावा, कारण एक पिन वाकली तरी रॅमचा एक खाचा मरू शकतो आणि ते घरी आल्यावर कळते. सॉकेटवर प्लास्टिकचे झाकण नसेल तर बोर्ड तसाच पिशवीत टाकून आणू नये. उभे कपॅसिटर माथ्याशी सपाट असावेत, फुगलेले किंवा तपकिरी डाग पडलेले नसावेत. मागच्या पोर्टभोवतीची पत्र्याची पट्टी मागून घ्यावी. ती नंतर सुटी मिळत नाही.

दुकानात बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एकत्र लावून पडद्यावर बायोस दाखवायला सांगावे. जुन्या मालाला सहसा सात दिवसांची किंवा महिन्याची ‘टेस्टिंग वॉरंटी’ तोंडी दिली जाते. ती बिलावर लिहून घ्यावी आणि दुकानदाराने भागावर चिकटवलेला स्वतःचा स्टिकर काढू नये, कारण माल बदलून देताना तो आधी तोच पाहतो.

रॅमच्या बाबतीत लॅपटॉपची काठी डेस्कटॉपला चालत नाही: लॅपटॉपच्या डीडीआर३ ला २०४ पिना असतात आणि डेस्कटॉपच्या काठीला २४०. एक ८ जीबीची काठी घेण्यापेक्षा ४ जीबीच्या दोन घेतल्या तर दोन्ही वाहिन्या वापरात येतात आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सला त्याचा फायदा होतो. लॅपटॉपची २.५ इंची एसएसडी मात्र खुशाल वापरावी. जुनी हार्ड डिस्क वापरायची असेल तर तिची स्मार्ट माहिती (डिस्क स्वतःच ठेवते ती प्रकृतीची नोंद) आधी वाचावी. त्यात ‘रीअलोकेटेड’ (खराब म्हणून बदललेल्या) आणि ‘पेंडिंग’ (संशयित) सेक्टरांचे आकडे असतात, आणि पेंडिंग शून्य नसेल तर त्या डिस्कवर घरातले फोटो ठेवू नयेत. ऑपरेटिंग सिस्टिमसाठी शक्य तर २४० जीबीची नवी एसएसडीच घ्यावी, कारण जुना संगणक हळू वाटतो तो बहुतांशी डिस्कमुळे, प्रोसेसरमुळे नव्हे.

वीजपुरवठा

आय५-४५७० या प्रोसेसरची उष्णतेची मर्यादा ८४ वॅट आहे. बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून आणखी पंचवीस-तीस वॅट धरले, तरी वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला हा संगणक दीडशे वॅटच्या आतच राहतो. म्हणून २०० ते २५० वॅटचा चांगला एसएमपीएस पुरतो आणि स्वस्तातल्या ‘४५० वॅट’ला भुलण्याचे कारण उरत नाही. वरच्या मोठ्या आकड्याऐवजी लेबलवरच्या १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर पाहावेत: १६ अँपिअर असतील तर त्या वाहिनीवर १९२ वॅट मिळतात, आणि प्रोसेसर जगतो तो याच वाहिनीवर. जुना एसएमपीएस वापरायचा असेल, तर बोर्ड जोडण्याआधी २४ पिनी जोडणीतली हिरवी आणि काळी तार एका वाकवलेल्या तारेने जोडून तो सुरू करावा आणि मल्टिमीटरने पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट, लालवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट येतात का ते मोजावे. भार नसताना आकडे बरोबर आले म्हणजे भाराखालीही येतील अशी हमी नाही. चुकीचे आले तर मात्र तो नक्कीच निकामी आहे. एसएमपीएस उघडून दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

कॅबिनेट अगदीच लहान करायचा असेल, तर ३५ वॅटचा ‘टी’ मालिकेचा प्रोसेसर, उदाहरणार्थ आय५-४५९०टी, घेऊन १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरवर चालणारा पिको एसएमपीएस लावता येतो. तो थेट २४ पिनी जोडणीत बसतो आणि जागा जवळजवळ खात नाही. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा ॲडॅप्टर मात्र त्याला लावू नये. तेवढा दाब घेणारे प्रकार वेगळे असतात आणि तसे त्यांच्यावर स्पष्ट लिहिलेले असते.

आता घरच्या अर्थिंगविषयी. धातूच्या कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येत असतील, तर संगणकात दोष असेलच असे नाही. एसएमपीएसच्या आत गाळणीसाठी बसवलेले कपॅसिटर गळती प्रवाह अर्थिंगमध्ये सोडत असतात. अर्थिंग तुटलेले असेल तर तोच प्रवाह कॅबिनेटवर थांबतो आणि तिथे मुख्य दाबाच्या साधारण निम्मा दाब दिसतो. प्रवाह अगदी अल्प असतो, परंतु यूएसबी आणि एचडीएमआय पोर्ट त्यानेही जळू शकतात. इलेक्ट्रिशियनकडून त्या खोलीतले अर्थिंग आधी तपासून घ्यावे, आणि तीन पिनी प्लगची जाड पिन कापून दोन पिनी सॉकेटमध्ये घुसवण्याची जी रीत घरोघरी दिसते, ती इथे मुळीच चालवू नये.

जुळवणी

सगळी जुळवणी आधी कॅबिनेटच्या बाहेर, बोर्डाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर करावी. ज्या पिशवीतून बोर्ड येतो ती स्थिरविद्युतरोधक पिशवी बाहेरून वीजवाहक असू शकते, म्हणून तिच्यावर बोर्ड ठेवून वीज सुरू करू नये. काम सुरू करण्याआधी नळाला किंवा अर्थिंग असलेल्या धातूला हात लावावा. हिवाळ्यात लोकरीचा स्वेटर घालून हे काम करू नये.

प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो आणि दोन कडांना खाचा असतात. सॉकेटवरच्या खुणांशी त्या जुळवून प्रोसेसर वरून अलगद ठेवावा, दाबू नये. त्यानंतर पत्र्याची चौकट खाली घेऊन दांडी लावताना करकर आवाज येतो आणि बराच जोर लागतो. पहिल्यांदा करणारा इथे दचकतो, पण ते नेहमीचेच आहे.

यानंतरचा हीटसिंकचा (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या, पंखा लावलेल्या धातूच्या ठोकळ्याचा) टप्पा मात्र सावकाश करावा, कारण जुन्या भागांच्या संगणकात उष्णतेच्या बहुतेक तक्रारी इथून निघतात. हीटसिंकच्या बुडाशी वाळलेली जुनी थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) असते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापडाने पूर्ण पुसून काढावी. प्रोसेसरच्या मधोमध मसुराच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवावी, बोटाने पसरवू नये. हीटसिंकच्या दाबाने ती आपोआप पसरते. इंटेलच्या मूळ हीटसिंकला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. त्या बसवण्याआधी प्रत्येकीचे डोके तिच्यावरच्या बाणाच्या उलट दिशेने पूर्ण फिरवलेले आहे ना ते पाहावे, चारही पाय भोकांत सरळ उतरले आहेत याची खात्री करावी आणि मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन, त्यानंतर उरलेल्या दोन, अशा तिरक्या क्रमाने दाबाव्यात. प्रत्येकीचा ‘टक’ आवाज आला तरी तेवढ्यावर विसंबू नये. बोर्ड उचलून मागून पाहावे: प्रत्येक भोकातून दोन पांढरे पाय बाहेर येऊन मधल्या काळ्या खुंटीने फाकलेले दिसले पाहिजेत. तीन फाकलेले आणि एक अर्धवट, असे असेल तर हीटसिंक एका बाजूने उचललेला राहतो, संगणक सुरू होतो, बायोसही दिसते, आणि दहा मिनिटांत तापमान शंभराच्या जवळ जाऊन वेग कोसळतो. जुन्या हीटसिंकच्या खुंट्या ठिसूळ झालेल्या असतील, तर त्यांचा सुटा संच मिळतो; तो घ्यावा.

पंख्याची तार ‘सीपीयू फॅन’ असे लिहिलेल्या जोडणीवरच लावावी. रॅमच्या काठ्या खाच जुळवून दोन्ही टोकांना सारखा दाब देत बसवाव्यात. त्यानंतर २४ पिनी जोडणी, आणि प्रोसेसरजवळची वेगळी ४ पिनी १२ व्होल्टची जोडणी लावावी. ही दुसरी जोडणी राहून गेली तर पंखा फिरतो आणि पडदा काळाच राहतो. पुढच्या पॅनेलच्या पिनांमध्ये ‘पीडब्ल्यूआर’ लिहिलेल्या दोन पिना असतात. पेचकसाच्या टोकाने त्यांना क्षणभर एकत्र स्पर्श केला की संगणक सुरू होतो, बटणाची गरज नसते.

पडदा काळाच राहिला, तर सगळे उचकटत बसू नये. प्लग काढून एकच काठी ठेवावी, तिचे सोनेरी संपर्क मऊ खोडरबराने हलकेच घासून कण झटकावेत आणि ती आळीपाळीने दोन्ही खाच्यांत लावून पाहावी. तेवढ्याने न झाल्यास बोर्डावरचा सीआर२०३२ सेल काढून काही मिनिटांनी परत बसवावा, किंवा ३ व्होल्टऐवजी २.७ च्या खाली उतरला असल्यास बदलावा. बोर्डाला छोटा स्पीकर लावलेला असेल, तर रॅम नसताना तो बीप देतो. रॅमशिवाय बीप आला म्हणजे प्रोसेसर आणि बोर्ड बहुधा ठीक आहेत, हे कळायला तो उपयोगी पडतो.

बायोस दिसले की वेळ लावावी, साटा ‘एएचसीआय’वर आहे याची खात्री करावी आणि यूएसबीवरून मेमटेस्ट८६+ चालवून रॅमची एक पूर्ण फेरी होऊ द्यावी. एक जरी चूक दिसली तरी ती काठी परत करावी.

ऑपरेटिंग सिस्टिम

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे साधे डेस्कटॉप प्रोसेसर नाहीत. ही अट चुकवण्याच्या युक्त्या आहेत, पण बँकेचे व्यवहार होणाऱ्या घरच्या संगणकावर त्या वापरू नयेत. अशा यंत्रावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती उत्तम चालते. मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत, आणि मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून लगेच जोडता येतो. वायफायसाठी यूएसबी अडॅप्टर घेण्याआधी तो लिनक्सवर चालतो का ते पाहावे. राउटर जवळ असेल तर सरळ लॅनची तार ओढावी. यूट्यूब बहुतेक व्हिडिओ व्हीपी९ या पद्धतीने आवळून पाठवते आणि चौथ्या पिढीच्या ग्राफिक्समध्ये ते उलगडण्याची पूर्ण सोय नाही, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर येतो. व्हिडिओ एच.२६४ या दुसऱ्या पद्धतीतच मागवणारे छोटे एक्स्टेन्शन ब्राउझरला लावले की पंख्याचा आवाजही खाली येतो.

कॅबिनेट, सर्वांत शेवटी

एक-दोन दिवस उघड्यावर सुरळीत चालल्यावरच खोक्याकडे वळावे. आता बोर्डाची लांबी-रुंदी, हीटसिंकची उंची आणि एसएमपीएसचा आकार प्रत्यक्ष मोजता येतो. बाजारातले पातळ कॅबिनेट अनेकदा टीएफएक्स म्हणजे ८५ बाय ६५ बाय १७५ मिमीचा, किंवा एसएफएक्स म्हणजे साधारण १२५ बाय १०० बाय ६३.५ मिमीचा एसएमपीएस मागतात. नेहमीचा मोठा त्यात जात नाही. एखाद्या बंद कार्यालयीन संगणकाचा पातळ पत्र्याचा सांगाडा भंगारात मिळाला आणि त्याच्या स्क्रूची भोके प्रमाणित असतील, तर याहून स्वस्त काही नाही.

स्वतः प्लायचा खोका करायचा असेल, तर बोर्ड थेट लाकडावर न ठेवता ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे छोटे खांब) लावून बसवावा आणि तो पत्रा एसएमपीएसच्या धातूच्या अंगाला तारेने जोडावा. बोर्डाला जितकी भोके, तितकेच स्टँडऑफ लावावेत. एखादा जास्तीचा राहिला तर तो बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करतो. हीटसिंकच्या पंख्यावर किमान १५ ते २० मिमी मोकळी जागा सोडून बरोबर त्याच्या वर हवा आत घेण्यासाठी जाळी करावी, आणि मागच्या बाजूला वरच्या अंगाला ८० किंवा ९२ मिमीचा पंखा हवा बाहेर टाकेल असा लावावा. झुरळे आणि पाली गरम बोर्डाच्या आश्रयाला हमखास येतात, म्हणून प्रत्येक भोकाला जाळी हवीच; पण डासांची जाळी इतकी बारीक असते की ती महिन्याभरात धुळीने बुजते. धातूची जरा मोठ्या छिद्रांची जाळी बरी.

खोका बंद करून ‘स्ट्रेस-एनजी’ने प्रोसेसरवर अर्धा तास पूर्ण भार टाकावा आणि ‘सेन्सर्स’ या आज्ञेने तापमान पाहावे. ८० अंशांच्या आत राहिले तर ठीक. ही चाचणी जानेवारीत घेतली असेल, तर विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यासाठी त्यात पंधरा अंश तरी मिळवून धरावेत, कारण खोलीचे तापमान वाढते तेवढे आतलेही वाढते. कोकणात आणि गोव्यात प्रश्न तापमानापेक्षा दमट, खाऱ्या हवेचा असतो. तिथे संगणक रोज थोडा वेळ सुरू ठेवणे आणि खिडकीपासून दूर ठेवणे चांगले.

हलक्या कामात हा संगणक सरासरी ४० वॅटच्या आसपास वीज घेतो असे धरले, तर रोज सहा तासांच्या वापराला महिन्याला सात युनिटांहून थोडी अधिक लागते. धूळ दर दोन-तीन महिन्यांनी काढावी. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. हवेच्या जोराने पंखा भरधाव फिरू दिला तर त्याचे बेअरिंग खराब होते.